चाक किती बाहेर?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, ऑफसेट हा शब्द मी आयुष्यभर छापखान्यातच ऐकला. बी. ए. झालो आणि नोकरी लागली ती मुद्रितशोधकाची. तेव्हा सोलापुरात खिळे जुळवणारे हात अजून बरेच होते, आणि ज्याच्याकडे ऑफसेटचं मशीन आलं त्या मालकाची ऐट काही वेगळीच असे. या छपाईत पत्र्यावरची शाई थेट कागदावर उतरत नाही. आधी रबरावर उमटते आणि रबरावरून कागदावर जाते. माझ्या लेखी ऑफसेट म्हणजे एवढंच. म्हणून पुण्याहून आलेला पुतण्या एका रविवारी जेवता जेवता म्हणाला, "बडे अब्बा, ऑफसेट ठरवायचाय, तुम्ही चला ना बरोबर," तेव्हा मला वाटलं, पोराच्या लग्नाची पत्रिका छापायची आहे. मी लगेच कागद कोणता घ्यावा ते सांगू लागलो. पोरगा लाजला. त्याची आई, म्हणजे माझी धाकटी भावजय, तोंडाला पदर लावून हसली. आमच्या घरातलं हे बोलणं दखनीतलं. इथे तुम्हाला मराठीत सांगतो आहे.

प्रश्न लग्नाचा नव्हता, जीपच्या चाकांचा होता.

ही जीप माझ्या धाकट्या भावाची. महिंद्राची एमएम ५४०, चारही चाकांना ताकद देणारी. सरकारी लिलावातून निघालेली गाडी त्याने १९९४ साली घेतली आणि सोलापूर–मंगळवेढा रस्त्यावर वडापला लावली. वडाप म्हणजे काय ते सोलापूरकरांना सांगायला नको. शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो : आठ माणसांच्या जागेत चौदा माणसं, दोन शेळ्या आणि ड्रायव्हरच्या मांडीवर कुणाचं तरी पोर. २०२१ च्या मे महिन्यात करोनात भाऊ गेला. तेव्हापासून जीप अंगणातल्या लिंबाखाली उभी होती. पुतण्याला ती नव्याने बांधायची होती. इंजिन उतरवून, पत्रा ठोकून, रंग देऊन, मोठे टायर लावून सह्याद्रीच्या घाटवाटांवर न्यायची होती. पोरगा डिप्लोमा झालेला आहे, चिंचवडला नोकरी करतो, पैसे त्याचे स्वतःचे. आईने एकच अट घातली होती. "भाईसाब बरोबर येतील आणि ते सांगतील तीच चाकं लागतील."

मला चाकातलं काय कळतं, असं मी म्हणालो नाही. का म्हणालो नाही, ते पुढे येईल.

होटगी रोडला एक मिस्त्री आहेत. 'रेडिओवर माझं नाव नको' म्हणाले, म्हणून नुसतं मिस्त्रीच म्हणतो. वय पासष्टीच्या पुढे. वडील चादरी विणायचे. यांनी माग सोडून पाना धरला. घरात तेलुगू, आमच्या घरात दखनी, त्यामुळे आमचं भांडण मराठीतच होतं, आणि भांडणासाठी त्याहून चांगली भाषा नाही. पुतण्याने मोबाइलवरची चित्रं दाखवली. परदेशातल्या गाड्या होत्या. खेकड्याचे पाय असतात तशी चाकं मडगार्डच्या बाहेर वीतभर निघालेली. "अशी पाहिजेत," तो म्हणाला. "उणे पंचवीस, नाहीतर उणे चाळीस."

मिस्त्रींनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "जुनं एक चाक काढ आधी."

त्यांनी ते चाक आतली बाजू वर करून जमिनीवर आडवं टाकलं आणि मला, एका कवीला, शिकवायला सुरुवात केली. चाकाचे दोन भाग. बाहेरचं कडं, ज्यावर टायर बसतो. आणि आतली तबकडी, जिला बोल्टांची भोकं असतात. गाडीच्या हबला टेकते ती ही तबकडी. ती कड्याच्या बरोबर मध्यावर असेल तर ऑफसेट शून्य. तबकडी रस्त्याच्या बाजूला सरकलेली असेल तर ऑफसेट अधिक, आणि चाक गाडीच्या पोटात जातं. तबकडी गाडीच्या बाजूला सरकलेली असेल तर ऑफसेट उणे, आणि चाक बाहेर येतं. म्हणजे अधिक केलं की चाक आत आणि उणे केलं की चाक बाहेर. मला हे उलटं वाटलं. मिस्त्री म्हणाले, "सर, सरकते ती तबकडी नाही. तबकडी हबला खिळलेली असते. तिच्याभोवती कडं सरकतं. असं बघा, मग उलटं वाटणार नाही." खरोखरच वाटलं नाही.

रिमवर बहुधा हा आकडा कोरलेला असतो आणि त्याच्याआधी ईटी अशी दोन अक्षरं असतात. ती एका जर्मन शब्दाची आहेत. अर्थ साधारण 'आत दाबून बसवल्याची खोली'. जुन्या लोखंडी चाकावर आकडा नसेल किंवा गंजला असेल, तर तो मोजून काढता येतो. कड्याच्या काठावर एक सरळ पट्टी आडवी ठेवायची आणि तिच्यापासून खाली तबकडीपर्यंत खोली मोजायची. मग काठापासून काठापर्यंतची पूर्ण रुंदी घेऊन तिचा अर्धा भाग खोलीतून वजा करायचा. समजा, पूर्ण रुंदी आठ इंच, अर्धी चार. खोली पाच इंच भरली तर ऑफसेट अधिक एक इंच, म्हणजे साधारण २५ मिलिमीटर. तीनच इंच भरली तर उणे एक. एवढा हिशेब चौथीतलं पोर करील. अडचण हिशेबाची नाहीच.

मिस्त्रींनी पुतण्याला विचारलं, "बाहेर काढायचं म्हणतोस, ते कशासाठी?"

"चांगलं दिसतं. आणि गाडी रुंद उभी राहते, कलंडत नाही."

दुसरं कारण खोटं नाही. प्रत्येक चाक २० मिलिमीटर बाहेर गेलं तर दोन चाकांमधलं अंतर ४० ने वाढतं, आणि उतारावर गाडी तेवढी पाय पसरून उभी राहते. पण त्याची किंमत कोण देतं? मिस्त्रींनी हब उघडून दाखवलं. आत दोन बेअरिंग असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं. चाकाचा भार या दोघांच्या दरम्यान पडावा, दोघांनी तो वाटून घ्यावा, अशी मूळ योजना. चाक बाहेर सरकलं की भार बाहेरच्या बेअरिंगकडे जातो. भरलेली घागर कमरेवर घेऊन अर्धा मैल चालणाऱ्या बाईला तीच घागर हात लांब करून धरायला सांगा. पाणी तेवढंच, घागर तीच, पण हात किती वेळ टिकेल?

दुसरी किंमत स्टेअरिंगची. पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं तिला किंगपिन म्हणतात. ती किंचित तिरपी असते. तिची रेघ खाली वाढवली तर जमिनीला एका ठिकाणी टेकते. टायर जमिनीला टेकतो त्याचा मध्य आणि ही जागा, या दोहोंतलं अंतर थोडं असेल तर चाकाला दगड लागला तरी हाताला फारसं कळत नाही. अंतर वाढलं की दगड स्टेअरिंग हिसकावून घेतो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहा, हलत नाही. कडीजवळ ढकला, पोरसुद्धा उघडतं. चाक बाहेर काढणं म्हणजे दगडाच्या हातात कडी देणं.

हे ऐकताना मी मनात मंगळवेढा रस्त्यावर पोचलो होतो.

१९९८ च्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. हा पुतण्या तेव्हा जन्मायचा होता. भावाने जुन्या बाजारातून दुसऱ्या गाडीची रुंद चाकं आणली. जीपच्या चाकाला पाच बोल्ट, साडेपाच इंचाच्या वर्तुळावर. विलीज जीपपासून चालत आलेलं हे माप, आणि मारुतीच्या जिप्सीचंही तेच. त्यामुळे याची चाकं त्याला बसतात. बसतात म्हणजे चालतात असं नाही, हे आज मला कळतं. ती आत पाट्यांना घासू लागली, तेव्हा भावाने हब आणि चाकाच्या मध्ये लोखंडी चकत्या घातल्या. चकती घालणं म्हणजे ऑफसेट कमी करणंच. हिशेब एकच, वर बोल्ट तेवढा तोकडा पडतो. चाकं झोकात बाहेर आली. नाक्यावरच्या सगळ्या वडापवाल्यांनी पाहिली. मीही पाहिली आणि म्हणालो, "वा, गाडीने छाती काढली!"

नंतर महिनाभर भाऊ सांगत होता की स्टेअरिंग हाताला मारतं. डावीकडून घुंईऽऽ असा आवाज येतो, असंही म्हणायचा. त्यावर त्याने टेपचा आवाज वाढवला. एका दुपारी तिऱ्हे आणि कामतीच्या मध्ये डावं पुढचं चाक निखळलं. जीप भुईवर टेकली, फरफटत ज्वारीच्या रानात गेली आणि थांबली. आत तेरा माणसं होती. कुणी मेलं नाही. भावाचं मनगट मोडलं. लेकीला भेटून परत निघालेल्या एका म्हातारीचा पाय मांडीत मोडला. तिचा सगळा खर्च भावाने केला, भावजयीच्या हातातल्या बांगड्या त्यात गेल्या. त्यानंतर कितीतरी वर्षं तो ज्वारीच्या हंगामात तिच्या वस्तीवर जाऊन यायचा. ती काठीशिवाय पुन्हा चालली नाही.

आणि मी काय केलं? मी कविता लिहिली.

पुढच्या वर्षीच्या एका दिवाळी अंकात ती आली. गाडीपासून सुटून एकटंच रानातून पळत जाणारं चाक, असा तिचा विषय होता. लोकांना ती आवडली. पत्रं आली. चाकोरी सोडण्याचं धाडस, असं कुणी तिच्याबद्दल लिहिलं. मी ती कवी संमेलनांत पुष्कळ वेळा वाचली. भावाने ती एकदाच, घरात, अंक हातात घेऊन वाचली. अंक मिटून मला परत दिला आणि म्हणाला, "भाई, यात त्या म्हातारीचा पाय नाही."

त्यापुढे तो कधी काही बोलला नाही. मीही ती कविता नंतर कुठे वाचली नाही आणि संग्रहात घेतली नाही. पण मनात एक पळवाट होती की जे झालं ते नशिबाने झालं. मिस्त्रींच्या त्या उघड्या हबसमोर उभा राहिलो तेव्हा ती बंद झाली. चाक धाडस करून सुटलं नव्हतं. पन्नासेक मिलिमीटर बाहेर काढल्यामुळे एक बेअरिंग महिनाभर ओरडत होतं, एवढीच गोष्ट होती.

मिस्त्रींना मी हे सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग पुतण्याला म्हणाले, "ऐकलंस ना? आता पट्टी घे."

चाकाची निवड बाहेरून करायची नसते, आतून करायची असते, ही त्यांची रीत. आधी टायर ठरवायचा आणि मग ऑफसेट. जुना टायर सहा इंची, फुगल्यावर सुमारे १६० मिलिमीटर रुंद. स्टेअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून, आतली कड आणि पाटे यांच्यात सगळ्यात कमी जागा कुठे राहते ते पाहिलं, मग दुसऱ्या बाजूला वळवून पाहिलं. जागा भरली २५. त्यातली १० तरी मोकळी हवी, कारण खड्ड्यात पाटे दबतात आणि टायरला चिखल चिकटतो. आपली काळी माती तर टायरला कशी धरते ते मी काय सांगू! म्हणजे आत सरकायला मिळाले फक्त १५.

पुतण्याला २३५ रुंदीचे टायर हवे होते. ते जुन्यापेक्षा ७५ ने रुंद. अर्धे आत, अर्धे बाहेर, म्हणजे साडेसदतीस आत. परवानगी पंधराची. उरलेले साडेबावीस ऑफसेट कमी करून बाहेर ढकलावे लागणार, आणि मग टायरची बाहेरची कड जुन्या जागेपेक्षा ६० मिलिमीटर पुढे येणार. तोच हिशेब २०५ च्या टायरचा केला. रुंदी वाढते ४५ ने. साडेबावीस आत, पंधरा चालतात, उरले साडेसात. ऑफसेट फक्त साडेसातने कमी करायचा आणि बाहेरची कड तीसने पुढे. टायर तीस मिलिमीटरने अरुंद घेतला की बाहेर निघणं साठाचं तीसवर येतं. हे आकडे या एका जीपचे आहेत, श्रोतेहो, तुमच्या गाडीला लावू नका. पट्टी घेऊन आपापले काढा. पण कुठल्याही गाडीला तत्त्व तेच. घासतं तेवढं बाहेर, वर बोटभर मोकळीक आणि त्यापुढे काही नाही.

पुतण्याने म्हटलं, मग पुढे २०५ आणि मागे रुंद लावू, मागे वळायचं नसतंच. मिस्त्री हसले. "पुढची चाकं चिखल दाबून वाट करतात. मागच्यांनी त्याच चाकोरीत चालावं. त्यांची वाट निराळी झाली की त्यांना पुन्हा नवा चिखल फोडावा लागतो."

चाकोरी! हा शब्द मी खऱ्या अर्थाने वापरलेला कितीतरी वर्षांनी ऐकला. पाणंदीत बैलगाड्यांच्या चाकांनी पडलेल्या त्या दोन घळी. आम्ही लिहिणाऱ्यांनी त्याची शिवी करून टाकली आहे. चाकोरीबद्ध म्हणजे वाईट, चाकोरीबाहेरचं म्हणजे चांगलं. ज्याने पावसाळ्यात भरलेली गाडी रानातून काढली आहे त्याला विचारा.

कायद्याचंही थोडं सांगून टाकतो, कारण गॅरेजात हे कुणी सांगत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ यातलं कलम ५२ गाडीत असे बदल करायला बंदी घालतं, ज्याने तिचा तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठाशीवपणे सांगितलं. शिवाय गाडी पंधरा वर्षांची झाली की नोंदणीचं नूतनीकरण आणि पासिंग आलंच. मडगार्डच्या बाहेर आलेलं चाक मागच्या मोटारसायकलवाल्याच्या तोंडावर दगड उडवतं, हे तर कलम वाचल्याशिवायही कळतं. मिस्त्रींनी पुतण्याला स्पष्ट सांगितलं : आधी आरटीओत विचार, कागद नीट कर, मग रिमचे पैसे भर. पोराने रजा काढून ते केलं.

बोलता बोलता एक आठवण मिस्त्रींनी काढली आणि मला ती छापखान्याच्या अंगाने फार आवडली. ही कंपनी १९४५ साली सुरू झाली तेव्हा तिचं नाव महिंद्र अँड महंमद होतं. महंमद म्हणजे मलिक गुलाम महंमद. फाळणी झाली, ते पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनी महिंद्र अँड महिंद्र झाली. आद्याक्षरं मात्र तीच राहिली. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपचे भाग जोडायला सुरुवात झाली होती. आमच्या लिंबाखालची गाडी त्याच वंशातली. मिस्त्री म्हणाले, "सर, एक चाक तुमचं होतं म्हणा की." मी म्हणालो, "होतं. त्याचा ऑफसेट कुणी मोजला नाही." दोघंही हसलो, पण लगेच विषय बदलला.

रिम यायला तीन आठवडे लागले. एकच चाक आधी बसवून पाहायचं ठरलं, आणि तेही आमच्या अंगणात, भावजयीसमोर. मिस्त्री स्वतः आले. टायरच्या आतल्या कडेला त्यांनी खडू फासला, चाक चढवलं, बोल्ट आळीपाळीने समोरासमोरचे आवळले. मग एका बाजूला जॅक लावून पाटे दबतील असं केलं आणि पुतण्याला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगितलं. चार वेळा, पाच वेळा. खाली वाकून पाहिलं तर खडू कुठेच पुसला नव्हता, आणि पाट्यांवर पांढरा डाग नव्हता. पाटे आणि टायर यांच्यामध्ये मिस्त्रींनी आपली करंगळी घातली. मग मला म्हणाले, "सर, तुम्ही घाला." मीही घातली.

पुतण्या चार पावलं मागे जाऊन उभा राहिला आणि त्याने गाडी पाहिली. चाक मडगार्डच्या आतच होतं, काठाला जेमतेम आलेलं. मोबाइलातल्या चित्रांसारखं काहीच दिसत नव्हतं. तो थोडा हिरमुसला, हे मला दिसलं. पण त्याने फोन खिशातून काढला नाही.

भावजय इतका वेळ उंबऱ्यावर उभी होती. ती अंगणात आली, चाकाजवळ वाकली. "किती बाहेर आलं?" तिने विचारलं.

"अम्मी, तीस मिलिमीटर."

"मिलिमीटर नको. बोटं सांग."

पोराने दोन बोटं जोडून मडगार्डच्या काठापाशी धरली. तिने ती पाहिली, आपली दोन बोटं त्यांच्याशेजारी लावून पाहिली. मग पुतण्याला म्हणाली, "उरलेली तीन लाव आता. आणि गाडी बाहेर निघाली की आधी कामतीला जाऊन ये. म्हातारीचा नातू तिथेच असतो."

मी विचारलं, "मी येऊ बरोबर?"

"तुम्ही तर यायलाच पाहिजे, भाईसाब," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.